पंडिता रमाबाई : श्रद्धेचा शोध

पाठपरिचय

माणूस ज्या घरात जन्म घेतो, त्या घरचा धर्म त्याला संस्कारांबरोबरच मिळतो. बहुतेकांच्या बाबतीत तो आयुष्यभर टिकतो. काहींच्या मनात मात्र अनुभवामुळे आणि वाचनामुळे प्रश्न निर्माण होतात. अशी व्यक्ती आपला जुना धर्म सोडते, तेव्हा तिचे सर्व प्रश्न सुटले असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात अनेकदा प्रश्न वाढतात. जुन्यातले काय ठेवावे, नव्यातले काय स्वीकारावे आणि हे कोणी ठरवावे, हे पुन्हा पुन्हा तपासावे लागते.

पंडिता रमाबाई यांना आपण विधवांच्या आणि निराधार स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या समाजसुधारक म्हणून ओळखतो. या पाठात त्यांच्या कार्याबरोबरच त्यांच्या श्रद्धेच्या प्रवासाचा परिचय करून घ्यायचा आहे.

अरण्यातील पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रांगेतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. हे ठिकाण आज कर्नाटक राज्यात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. तरुणपणी ते पुण्यात शिकत असताना त्यांच्या गुरूंकडे पेशव्यांच्या घराण्यातील एका स्त्रीला संस्कृत शिकविण्याचे काम होते. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून अनंतशास्त्री प्रभावित झाले. आपल्या पत्नीलाही संस्कृत शिकवावे, असे त्यांच्या मनाने घेतले.

त्या काळी स्त्रीने देवभाषा शिकणे म्हणजे अधर्म समजला जाई. घरच्यांनी आणि गावकऱ्यांनी विरोध केला. धर्मसभेपुढे त्यांना आपल्या वर्तनाचा जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रग्रंथांतील आधार दाखवून आपली बाजू मांडली. अखेर गावातील त्रासापासून दूर जाऊन त्यांनी अरण्यात घर बांधले आणि तेथेच पाठशाळा चालविली. त्यांची दुसरी पत्नी लक्ष्मीबाई या त्यांच्याजवळ शिकून विदुषी झाल्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अनंतशास्त्री हे बंडखोर नव्हते. व्रते, उपवास, तीर्थयात्रा आणि ब्राह्मणभोजने यांवर त्यांची अढळ श्रद्धा होती. शास्त्र मानूनच त्यांनी शास्त्राच्या रूढ अर्थाला आव्हान दिले. ग्रंथ स्वतः वाचावा, पारखावा आणि मगच मत बनवावे, हा वारसा रमाबाईंना वडिलांकडून मिळाला. पुढे याच वारशाने त्यांना वडिलांच्या श्रद्धेपासून दूर नेले.

पाठशाळेचा आणि पाहुण्यांचा खर्च वाढत गेला. कर्ज झाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने घर सोडले आणि कायमची तीर्थयात्रा सुरू केली. वेताच्या पेटाऱ्यात निजलेल्या रमाला एका गड्याने डोक्यावरून नेले. पुढील अनेक वर्षे हे कुटुंब मंदिरांच्या आवारात, नदीच्या घाटांवर पुराण सांगत गावोगाव फिरत राहिले. श्रोते जे देतील त्यावर निर्वाह चाले. लक्ष्मीबाई पहाटे उठवून मुलीला पाठ देत. पुस्तकापेक्षा कानांनी ऐकून आणि तोंडाने म्हणून रमाबाई शिकल्या. बालवयातच भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले. थोरल्या मुलीचा बालविवाह दुःखाचा ठरल्यामुळे अनंतशास्त्र्यांनी रमाबाईंचे लग्न लहानपणी केले नाही. त्या काळी हाही मोठाच निर्णय होता.

दुष्काळ आणि श्रद्धेला तडा

१८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोणाजवळ वेळ उरला नाही आणि दान द्यायला पैसा उरला नाही. अनंतशास्त्र्यांनी अंगमेहनतीचे काम कधी केले नव्हते. मुलांनाही त्यांनी शास्त्रांखेरीज काही शिकविले नव्हते. संकटातून देवच सोडवील, या विश्वासाने उरलेले द्रव्य पूजा, दाने आणि अनुष्ठाने यांवर खर्च झाले. दागिने, भांडी आणि वस्त्रेही विकली गेली. शेवटी अरण्यात पाणी, पाला आणि रानटी खजूर यांवर अकरा दिवस काढावे लागले.

वृद्ध आणि अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा विचार केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास याने मोलमजुरी करून आईवडिलांना पोसण्याची तयारी दाखविली. पण त्याला उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले. पाठोपाठ काही महिन्यांच्या अंतराने आई गेली आणि थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

उरलेली दोन भावंडे पायी फिरत राहिली. दक्षिणेपासून पंजाबात झेलम नदीच्या काठापर्यंत त्यांनी हजारो मैल प्रवास केला. पुरेसे अन्न नव्हते आणि पांघरायला वस्त्र नव्हते. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. एवढ्या हालांतही त्यांनी शास्त्रातील नियम पाळले, तीर्थांत स्नाने केली आणि देवांची पूजा केली. ग्रंथांत सांगितलेले फळ मात्र मिळाले नाही.

श्रद्धा एका दिवसात ढळली नाही. आपल्याकडून विधीत काही उणे राहिले असेल, असे भावंडांना प्रथम वाटत होते. पण निष्ठेने सर्व आचरण करणारे आईवडील अन्नावाचून गेले, हे सत्य ती विसरू शकत नव्हती. ज्यांच्या सामर्थ्याविषयी एवढे सांगितले जाते, ती तीर्थे आणि त्या मूर्ती खरोखर काही करू शकतात का, हा प्रश्न त्यांच्या मनात रुजला. मूर्तिपूजेवरील विश्वास उडाला. देवावरील विश्वास मात्र नाहीसा झाला नाही. त्याला आधार राहिला नव्हता, एवढेच.

कलकत्ता आणि ग्रंथांची पारख

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची अविवाहित तरुणी अस्खलित संस्कृत बोलते, याचे तेथील विद्वानांना आश्चर्य वाटले. त्यांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना सरस्वती ही पदवी दिली. पंडिता ही उपाधीही त्यांच्या नावामागे कायमची जोडली गेली.

कलकत्त्यात रमाबाई प्रथमच एका ख्रिस्ती मेळाव्यास गेल्या. तेथील मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून काही पुटपुटत होती. हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत, असा त्या भावंडांचा समज झाला. अपरिचित धर्म बाहेरून पाहणाऱ्याला किती विचित्र दिसू शकतो, हे रमाबाईंनी पुढे स्वतःच मोकळेपणाने नोंदविले आहे.

ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी रमाबाईंना वेद वाचण्याचा आग्रह केला आणि वेदाची एक प्रत भेट दिली. स्त्रियांना वेदांचा अधिकार नाही, असेच तोपर्यंत त्यांच्या मनावर बिंबलेले होते. ती मर्यादा ओलांडून त्यांनी वेद, उपनिषदे आणि धर्मशास्त्रे यांचा अभ्यास सुरू केला. स्त्रियांपुढे धर्मकर्तव्यांवर व्याख्याने देण्यासाठी त्या हे ग्रंथ चाळत होत्या. तेव्हा एक गोष्ट त्यांना अस्वस्थ करू लागली. निरनिराळ्या ग्रंथांची अनेक बाबतींत परस्परांशी जुळणी होत नव्हती. पण स्त्रिया आणि शूद्र यांना कमी लेखण्याच्या बाबतीत त्यांचे एकमत दिसत होते. पतीची सेवा हाच स्त्रीचा धर्म आणि त्यातूनच तिला जी काय गती मिळायची ती मिळेल, असे या ग्रंथांचे सांगणे होते.

दुष्काळाने रमाबाईंचा कर्मकांडावरील विश्वास उडविला होता. आता ग्रंथप्रामाण्यावरील विश्वासही डळमळला. पहिला प्रश्न भुकेने विचारला होता. दुसरा न्यायबुद्धीने विचारला. धर्म जर ईश्वराचा असेल, तर तो निम्म्या माणसांना दारातच का अडवितो?

१८८० मध्ये मेरठ येथे त्यांची स्वामी दयानंद सरस्वती यांच्याशी भेट झाली. मूर्तिपूजेला विरोध आणि स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार, या दोन बाबतींत उभयतांचे विचार जुळत होते. रमाबाईंनी आर्य समाजाच्या कार्याला वाहून घ्यावे, अशी स्वामीजींची इच्छा होती. रमाबाईंनी तो मार्ग पत्करला नाही. ब्राह्मो समाजाविषयी त्यांना आपुलकी होती, परंतु तेथेही त्यांचे मन पूर्णपणे स्थिरावले नाही. आधार हवा होता, तरी मिळेल तो आधार धरण्याची त्यांची वृत्ती नव्हती.

विवाह, वैधव्य आणि पुणे

त्याच वर्षी डाक्क्यास श्रीनिवासचे निधन झाले. रमाबाई एकाकी झाल्या. काही महिन्यांनी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. मेधावी ब्राह्मणेतर होते. जुन्या धर्मविधींवर दोघांचाही विश्वास उरला नव्हता, म्हणून त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली.

सिल्चरच्या घरात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत आढळली. त्यांनी ती आवडीने वाचली. आपल्या पत्नीने ख्रिस्ती धर्माकडे वळावे, हे पतीला रुचणारे नव्हते. हा मतभेद वाढण्यास वेळच मिळाला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने मेधावी यांचे निधन झाले.

तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांच्या साहाय्याने त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर तयार करण्याची गरज मांडली.

आपण स्वतः वैद्यकीय शिक्षण घ्यावे, असे त्यांना वाटू लागले. पुण्यातील ख्रिस्ती शिक्षिकेकडे त्या इंग्रजी शिकल्या. नीळकंठशास्त्री गोरे ऊर्फ फादर नेहेम्या गोरे यांचीही त्यांना ओळख झाली. गोरे हे षड्दर्शनांचे जाणकार असलेले आणि पुढे ख्रिस्ती झालेले पंडित होते. त्यांच्याशी रमाबाईंना संस्कृत पंडिताच्या पातळीवर वाद करता येई. १८८३ मध्ये, पुस्तकविक्रीच्या पैशातून प्रवासखर्च भागवून, रमाबाई मनोरमेसह इंग्लंडला निघाल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात राहायचे आणि राहण्याजेवण्याच्या मोबदल्यात हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचे, असे ठरले होते.

वाँटेज : नवा धर्म, नवे प्रश्न

वाँटेजच्या भगिनींनी लंडनमध्ये वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक निवारा चालविला होता. रमाबाईंनी तो पाहिला. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागविले जात होते. अशा स्त्रीला शिक्षा आणि तिरस्कार यांपलीकडे काही मिळू शकते, हे त्यांनी प्रथमच पाहिले. येशूने शोमरोनी स्त्रीशी केलेल्या संभाषणाची कथा त्यांनी वाचली. ज्या प्रश्नाने त्यांना कलकत्त्यात अस्वस्थ केले होते, त्याचे उत्तर या धर्मात आहे, असे त्यांना वाटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात या बातमीने खळबळ उडाली. ज्यांनी त्यांना विदुषी म्हणून डोक्यावर घेतले होते, त्यांतील अनेकांना हा विश्वासघात वाटला. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार' या नियतकालिक पुस्तिकेत रमाबाईंची बाजू घेतली. शिकलेली स्त्री शास्त्रे वाचते तेव्हा तिला त्यांत आपले स्थान दिसते, हे त्यांनी निदर्शनास आणले.

आता रमाबाईंचा शोध संपला, असे मठातील भगिनींना वाटले असावे. पण तो संपला नव्हता. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार त्यांना सोडावा लागला होता. या काळात त्यांच्या आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्यात मोठा पत्रव्यवहार झाला. तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. या पत्रांतून त्यांच्या मनातील संघर्ष स्पष्ट दिसतो.

पहिला प्रश्न सिद्धांताचा होता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे असूनही देव एकच आहे, असा ख्रिस्ती धर्माचा त्रैक्याचा सिद्धांत आहे. अनेक देव सोडून एकाच ईश्वराकडे वळलेल्या रमाबाईंना तो सहज पटेना. येशूला त्यांनी तारणारा मानले होते. परंतु प्राचीन श्रद्धापत्रकांतील प्रत्येक विधान, केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करावे, हे त्यांना पटत नव्हते. ते बायबलमध्ये कोठे आहे, हे त्या विचारीत. ग्रंथ स्वतः पाहायचा, ही अनंतशास्त्र्यांची सवय येथेही कायम होती.

दुसरा प्रश्न अधिकाराचा होता. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवावे, असा विचार पुढे आला. हिंदुस्थानातील बिशपांनी त्याला हरकत घेतली. स्वदेशात विद्वानांनी भरलेल्या सभांपुढे व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना याचे नवल वाटले. एका पुरोहितवर्गाच्या बंधनातून आपण मोठ्या कष्टाने सुटलो आहोत, तेव्हा दुसऱ्याच्या बंधनात आपला विवेक गहाण ठेवणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. नव्याने धर्मात आलेल्या व्यक्तीने नम्रपणे शिकावे, अशी त्यांची अपेक्षा होती. त्या रमाबाईंवर मनापासून प्रेम करीत होत्या, म्हणून हा वाद दोघींनाही क्लेशदायक झाला.

तिसरा प्रश्न रोजच्या जगण्याचा होता. रमाबाईंनी मांसाहार केला नाही आणि साडी सोडली नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्यालाही त्यांनी हरकत घेतली. आपल्या देशबांधवांना लॅटिन समजत नाही, मग तेथे संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. शाकाहार हा जातीच्या अभिमानाचा अवशेष आहे, असे भगिनींना वाटे. धर्म बदलला म्हणून देश, भाषा आणि ताट बदलले पाहिजे, हे रमाबाईंना मान्य नव्हते.

ख्रिस्ती धर्मातही असंख्य पंथ आहेत आणि प्रत्येक पंथ स्वतःलाच खरा समजतो, हेही त्यांच्या लक्षात आले. मतमतांतरांच्या ज्या गोंधळातून त्या बाहेर पडल्या होत्या, तसाच गोंधळ येथेही होता. त्यामुळे त्या मागे फिरल्या नाहीत. येशूच्या दैवी स्वरूपाविषयीच्या त्यांच्या शंका पुढे हळूहळू निवळल्या. पण कोणाच्या आज्ञेने त्या निवळल्या नाहीत. वाचन, चिंतन आणि पत्रव्यवहार यांतून वेळ घेऊन त्यांनी स्वतःचे समाधान करून घेतले.

शारदा सदन आणि १८९३ चा वाद

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि तेथे जवळपास तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या कार्याला दहा वर्षे मदत करण्यासाठी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्यात ख्रिस्ती धर्मातील निरनिराळ्या पंथांचे लोक होते. विधवांसाठी निघणारी शाळा कोणत्याही पंथाचा प्रचार करणार नाही, असे ठरले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेण्यात आले. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. सदनातील मुलींना आपापले आचार पाळण्याची, आपल्या देवांची पूजा करण्याची आणि जातिनियमांप्रमाणे जेवण्याची मोकळीक होती. रमाबाई आपली प्रार्थना स्वतःच्या खोलीत करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या.

यावरून वाद पेटला. मुलींना ख्रिस्ती केले जात आहे, असा आरोप झाला. 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पालकांनी अनेक मुलींना परत नेले.

या वादाला दोन बाजू होत्या आणि दोन्ही समजून घेणे आवश्यक आहे. टीकाकारांचे म्हणणे असे की, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या वचनावर पालकांनी आपल्या मुली या संस्थेत ठेवल्या होत्या. मुली वयाने लहान होत्या आणि आश्रयासाठी संस्थेवर अवलंबून होत्या. अशा स्थितीत बाईंच्या प्रार्थनेचे आकर्षण म्हणजे अप्रत्यक्ष दबावच होय. रमाबाईंचे म्हणणे असे की, त्या कोणावर सक्ती करीत नव्हत्या. पण आपली श्रद्धा लपविण्यासाठी त्या स्वतःचे दार लावून घेणार नव्हत्या आणि आत येणाऱ्या मुलीला हाकलूनही देणार नव्हत्या. मुलींनाही मन आहे आणि ते त्यांचे स्वतःचे आहे, असे त्या मानीत. वाँटेजच्या मठात स्वतःच्या विवेकासाठी भांडलेल्या रमाबाईंपुढे आता दुसऱ्यांच्या विवेकाचा प्रश्न उभा होता. आश्रय देणारा आणि आश्रय घेणारा यांच्यात श्रद्धेचे स्वातंत्र्य कसे राखावे, हा प्रश्न आजही सोपा झालेला नाही.

मुक्ती

याच सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेने आणखी एक वळण घेतले. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ मध्ये, त्यांना असे जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो बुद्धीने. ख्रिस्तावर मनाने विसंबणे अजून घडलेले नाही. सिद्धांतांच्या वादापेक्षा हा अनुभव त्यांना मोलाचा वाटला. येथून त्यांच्या जीवनात प्रार्थनेला आणि भक्तीला पहिले स्थान मिळाले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या. भुकेने व्याकूळ झालेल्या मुली पाहून त्यांना स्वतःचे बालपण आठवले. त्यांनी शेकडो मुली पुण्याजवळ आणल्या. दौंडजवळील केडगाव येथे त्यांनी जमीन घेतलेली होती. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील स्त्रिया आणि मुलांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, शाळा अशी अनेक कामे स्त्रियाच चालवीत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाई. आपल्या वडिलांना अंगमेहनतीचे काम येत नव्हते, याची मोजावी लागलेली किंमत रमाबाई विसरल्या नव्हत्या. मुक्तीतील प्रत्येकीला हाताचे काम आलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. शारदा सदनाच्या वेळची तटस्थता तेथे राहिली नाही. तरीही रमाबाईंनी ती कोणत्याही एका पंथाच्या स्वाधीन केली नाही. ख्रिस्ती राज्यकर्ते म्हणून त्यांनी इंग्रज सरकारची भीडही धरली नाही. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या काळात सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी आबाळ झाली, तिच्यावर त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली.

१९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली तासन्‌तास रडत, मोठ्याने प्रार्थना करीत. काही मिशनरींना हे अतिरेकी वाटले. रमाबाईंचे मत वेगळे होते. हिंदुस्थानातील माणसाला आपल्या रीतीने भक्ती करण्याची मोकळीक असावी, पाश्चात्त्य शिस्त त्यावर लादू नये, असे त्यांना वाटे.

आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हाती घेतले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. उपलब्ध भाषांतरे खेड्यातील साध्या स्त्रीला समजत नाहीत, असे त्यांना वाटत होते. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने आपल्या भाषांतरासाठी सोपी, बोलीजवळची मराठी निवडली. मुक्तीतील मुलींनी खिळे जुळविले आणि मुद्रणही केले. धर्मग्रंथ आणि वाचणारी स्त्री यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ असू नये, ही त्यांची तरुणपणापासूनची तळमळ या कामात पूर्णत्वास गेली.

अखेर

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा यांचे निधन झाले. आईच्या कार्याची सर्व जबाबदारी त्या सांभाळीत होत्या. या आघातानंतरही रमाबाई भाषांतराचे काम करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था त्यांच्यामागेही चालू राहिली.

रमाबाईंना दीर्घकाळ दोन्ही बाजूंनी अर्धेच पाहिले. काहींनी त्या स्वधर्म सोडून गेल्या, एवढेच लक्षात ठेवले. काहींनी त्यांना धर्मांतराच्या यशाचे उदाहरण म्हणून मिरविले. त्यांचे जीवन यांपैकी कोणत्याही चौकटीत बसत नाही. त्यांनी वडिलांची श्रद्धा सोडली, पण वडिलांनी दिलेली विद्या आणि ग्रंथ पारखण्याची सवय जन्मभर सांभाळली. त्यांनी नवा धर्म मनापासून स्वीकारला, पण त्याच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारणे थांबविले नाही. काही शंकांची उत्तरे त्यांना मिळाली. काही मते त्यांनी वयानुसार बदलली. उतारवयात त्यांची स्वतःची श्रद्धा इतकी दृढ झाली होती की, जुन्या धर्माविषयी लिहिताना त्यांची लेखणी अनेकदा कठोर झाली. हेही त्यांच्या चरित्राचाच भाग आहे.

श्रद्धा उसनी घेता येत नाही, ती ज्याची त्याने स्वतः कमवावी लागते, हे रमाबाईंनी आपल्या जगण्याने दाखविले. त्या कमाईसाठी त्यांनी घर, जात, मित्रमंडळी आणि लोकांची वाहवा ही किंमत दिली. त्यांचे निष्कर्ष आपल्याला पटोत अथवा न पटोत, ती किंमत देण्याचे त्यांचे धैर्य आदरास पात्र आहे.

स्वाध्याय

१. अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्र मानूनही रूढीला आव्हान दिले, हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. रमाबाईंच्या जुन्या श्रद्धेला तडा जाण्याची दोन कारणे सांगा. त्यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.

३. वाँटेज येथे रमाबाईंपुढे कोणते तीन प्रश्न उभे राहिले?

४. १८९३ च्या वादातील दोन्ही बाजू पाच-पाच वाक्यांत मांडा. तुम्ही पालक असता तर काय केले असते, ते सकारण लिहा.

५. तुमच्या परिचयातील एखाद्या व्यक्तीने विचारपूर्वक आपले मत बदलले असल्यास, तिला काय गमवावे लागले आणि काय मिळाले, याविषयी दहा ओळी लिहा.